विश्लेषण : ब्रेक ‘कधीकधी’ लागत नाही म्हणजे नेमके काय? जुन्या गाडीतला लपलेला दोष कसा शोधाल?

‘ब्रेक मधूनच कमी लागतो’ अशी तक्रार घेऊन जुनी गाडी गॅरेजमध्ये जाते. मेकॅनिक जवळच्या रस्त्यावर एक चक्कर मारून येतो, दोन-तीनदा करकचून ब्रेक दाबून बघतो आणि ‘काही नाही साहेब, ब्रेक एकदम ओके आहे’ असे सांगून किल्ली परत देतो. गाडीमालकाचा जीव भांड्यात पडतो. पुढे महिना-दोन महिने सारे सुरळीत चालते आणि मग एखाद्या उतारावर, भरल्या गाडीत, तेच पेडल पुन्हा खोल जाते.

पूर्ण नादुरुस्त ब्रेकची गाडी सहसा कोणी रस्त्यावर आणत नाही. अधूनमधून दगा देणारी गाडी मात्र रोज बाहेर पडते, म्हणून ती जास्त धोकादायक. ताशी 80 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे 22 मीटर पुढे जाते. पेडल पहिल्यांदा खाली गेले म्हणून दुसऱ्यांदा मारावे लागले, तर तेवढ्यात जवळपास दोन बसच्या लांबीएवढे अंतर संपलेले असते. हा दोष सापडत का नाही, तो कसा पकडायचा आणि आपली व्यवस्था यात कुठे कमी पडते, हे समजून घेऊ.

दोष गॅरेजमध्येच का दिसत नाही?

‘कधीकधी’ हा शब्द फसवा आहे. यंत्राला लहर नसते. ब्रेक ज्या वेळी दगा देतो, त्या वेळी कोणती तरी एक अट पूर्ण झालेली असते. ब्रेक तापलेला असतो, ओला झालेला असतो, गाडी वजनाने भरलेली असते, पेडल हळू दाबलेले असते किंवा इंजिन अगदी मंद फिरत असते. गॅरेजच्या चकरेत यातले काहीच नसते. गाडी रिकामी, ब्रेक थंड, रस्ता सपाट आणि पेडल जोरात दाबलेले. दोष उघडा पडायला लागणाऱ्या साऱ्या अटी टाळूनच जणू ती तपासणी होते.

म्हणून ‘आज दोष दिसला नाही’ आणि ‘दोष नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. आधी अट शोधायची, मग पार्ट. या क्रमाने गेले तर काम सोपे होते.

घाट उतरल्यावर पेडल मऊ का पडते?

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटर उंचीवर आहे. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी हजार मीटरहून अधिक खाली येते. माणसांसह 1,200 किलो वजनाची गाडी फक्त 500 मीटर खाली आली, तरी जवळपास 59 लाख ज्यूल ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. एवढ्या ऊर्जेत 30 अंशांचे सुमारे 20 लिटर पाणी उकळीला येईल. काही वाटा इंजिन आणि हवेचा रोध उचलतात. खालच्या गिअरऐवजी नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवली, तर मोठा भाग डिस्क, ड्रम, पॅड आणि लायनरमध्ये उष्णता होऊन साठतो.

ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. ब्रेक ऑइल हवेतले बाष्प शोषून घेते आणि पाणी मिसळले की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. ‘डॉट 4’ प्रकारच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवे असताना 230 अंश सेल्सियस असतो, तर ठरावीक प्रमाणात पाणी शोषल्यावर तो 155 अंश धरला जातो. ‘डॉट 3’साठी हेच आकडे 205 आणि 140 आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी बुडबुडे दाबण्यात खर्ची पडतो आणि पेडल खोल जाते. अर्ध्या तासाने सारे थंड झाले की वाफेचे पुन्हा द्रव होते आणि पेडल पूर्ववत. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला काहीच सापडत नाही, ते यामुळेच.

पेडल नेहमीच्याच उंचीवर कडक राहिले, पण गाडी थांबेना आणि करपल्याचा वास आला, तर प्रकरण वेगळे. तेव्हा पॅड किंवा लायनर अतितापून त्यांची पकड गेलेली असते. मऊ पेडल आणि कडक पेडल हा फरक लक्षात ठेवला, तर निदान अर्धे झाले.

पहिल्यांदा दाबल्यावर खाली, दुसऱ्यांदा ठीक. हे काय?

याची नेहमीची तीन कारणे आहेत. मागच्या ड्रममधले लायनर झिजले की ते आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढते. हे अंतर आपोआप भरून काढणारा ॲडजस्टर जुन्या गाडीत गंजून जाम होतो. मग पहिला दाब हे अंतर कापण्यात जातो आणि दुसऱ्याला ब्रेक लागतो. दुसरे कारण चाकाचा सैल बेअरिंग. खड्ड्यातून किंवा वळणातून जाताना डिस्क किंचित डगमगते आणि पॅडना मागे ढकलते. त्यानंतरचा पहिला ब्रेक खोल जातो. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर हा दोष दिसणार नाही. तिसरे कारण लाइनमध्ये राहिलेली हवा.

सिग्नलला उभे असताना हलक्या पायाखाली पेडल सावकाश खाली सरकत असेल, तर मास्टर सिलिंडरवर संशय घ्यावा. आतली रबरी सील झिजली की ऑइल आतल्या आत मागे निसटते. बाहेर गळती नसते, टाकीतली पातळीही कमी होत नाही. जोरात दाबल्यावर सील घट्ट बसते आणि ब्रेक उत्तम लागतो. म्हणजे ‘करकचून दाबून बघणे’ ही नेमकी तीच चाचणी आहे, ज्यात हा दोष लपतो.

पेडल दगडासारखे कडक का होते?

पायाच्या जोराला मदत करणारा व्हॅक्यूम बूस्टर इंजिनच्या बाजूला, पेडलच्या समोर बसवलेला गोल डबा असतो. बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्यांत त्याला इंजिनमधूनच व्हॅक्यूम मिळतो, डिझेल गाड्यांत वेगळा पंप असतो. व्हॅक्यूमचा रबरी पाइप तडकला, त्यातला एकदिशा व्हॉल्व्ह खराब झाला किंवा पंप दमला, तर पेडल अचानक जड लागते. हे अनेकदा मंद वेगात, पार्किंगमध्ये किंवा लागोपाठ दोन-तीनदा ब्रेक मारल्यावर जाणवते. मोकळ्या रस्त्यावर काही जाणवत नाही.

गाडी एका बाजूला ओढते, तीही कधी कधीच?

ब्रेक मारताना स्टिअरिंग डावीकडे किंवा उजवीकडे खेचले जात असेल, तर दोन्ही बाजूंचा ब्रेक सारखा लागत नाही. कॅलिपरच्या सरकपिना कोरड्या पडून जाम होतात, पिस्टन गंजतो. वरून धडधाकट दिसणारा ब्रेकचा रबरी होज पाइपही आतून सुजून बंद होऊ शकतो. मग ऑइल चाकाकडे उशिरा जाते, किंवा गेलेले परत येत नाही आणि ब्रेक धरून राहतो. असे चाक तापते, ॲव्हरेज घटते, एकाच बाजूचा पॅड लवकर संपतो. ‘पॅड संपला’ म्हणून फक्त नवा पॅड टाकला, तर काही महिन्यांत तेच पुन्हा.

साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ब्रेक थोडा वेळ कमी लागणे मात्र बऱ्याचदा दोष नसतो. ड्रम आणि डिस्क ओल्या असतात. पाण्यातून बाहेर आल्यावर, मागे गाडी नाही हे पाहून, हलक्या पायाने काही वेळा ब्रेक लावला की ते सुकतात. रात्रभर पावसात उभ्या गाडीचा सकाळचा पहिला खरखर आवाजही बहुधा डिस्कवरच्या पातळ गंजाचा असतो. दोन-चार ब्रेकनंतरही तो गेला नाही, तर तपासणी हवी.

दिवा क्षणभर लागून विझतो, त्याचा अर्थ काय?

हँडब्रेक खाली असताना, वळणावर किंवा उतारावर ब्रेकचा लाल दिवा क्षणभर लागला, तर आधी ब्रेक ऑइलची पातळी बघा. गाडी कलली की टाकीतले ऑइल एका बाजूला सरकते आणि पातळी काठावर असेल तर दिवा लागतो. पॅड झिजतात तशी पातळी हळूहळू उतरते, हे स्वाभाविक. ती अचानक उतरली, तर कुठे तरी गळती आहे. दोन्ही बाबतींत नुसते ऑइल ओतून दिवा विझवणे म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटर फोडणे.

थांबण्याच्या शेवटच्या क्षणी, कोरड्या रस्त्यावर पेडल थरथरत असेल, तर एबीएस असलेल्या गाडीत चाकाचा वेग मोजणारा सेन्सर मळलेला असू शकतो. यंत्रणेला चाक घसरल्याचा भास होतो आणि ती ब्रेक सोडते. भारतात सर्व नव्या कारना एबीएस सक्तीचे झाले ते एप्रिल 2019 पासून. त्याआधीच्या अनेक गाड्यांत ते नाही. अशा गाडीत वेगात ब्रेक लावताना पेडल आणि स्टिअरिंग थरथरले, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिली आहे का, हे आधी तपासावे.

घरच्या घरी काय बघता येते?

पुढच्या चाचण्यांना अवजार लागत नाही. पहिल्या तीन सपाट जागी, गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक ओढलेला ठेवून करा.

1. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक होईल. आता पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर काम करतो आहे. काहीच हलले नाही, तर बूस्टर, पाइप किंवा पंप तपासायला हवा.

2. इंजिन सुरू ठेवून पेडलवर मध्यम, स्थिर दाब द्या आणि एक मिनिट थांबा. पेडल सतत खाली सरकत राहिले, तर मास्टर सिलिंडर किंवा गळती.

3. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी आणि रंग बघा. ऑइल काळपट झाले असेल किंवा शेवटचे कधी बदलले हे आठवतच नसेल, तर बदला. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगितलेले असते. टाकीत दुसरे कोणतेही ऑइल घालू नका, त्याने रबरी सील फुगतात.

4. आठ-दहा किलोमीटर सावकाश चालवून थांबा. हात न लावता तळवा प्रत्येक चाकाजवळ नेऊन उष्णतेचा अंदाज घ्या. एकच चाक जास्त तापले असेल, तर तिथला ब्रेक धरून राहतो आहे.

आणि सर्वांत आधी पायाखालचे मॅट बघा. घसरून पेडलखाली गेलेले मॅट किंवा गडगडत आलेली पाण्याची बाटली, हाही ‘कधीकधी’चाच दोष आहे.

मेकॅनिकला काय सांगायचे?

‘ब्रेक कमी लागतो’ एवढ्यावर कोणीच नेमके निदान करू शकणार नाही. घटना घडली त्या वेळी गाडीत तुम्हीच होता, त्यामुळे एकमेव साक्षीदार तुम्ही आहात. गाडी सुरक्षित जागी थांबली की शेजारच्या माणसाला फोनवर नोंद करायला सांगा. पेडल खोल गेले, कडक झाले की थरथरले? गाडी सुरू होऊन किती वेळ झाला होता? चढ, उतार की सपाट? पाऊस होता का? गाडीत किती माणसे? दुसऱ्यांदा दाबल्यावर काय झाले? पूर्ववत व्हायला किती वेळ लागला?

‘घाट उतरताना पंधरा मिनिटांनी पेडल मऊ झाले, गाडीत पाच जण, पाऊस नव्हता, खाली उतरून अर्धा तास थांबल्यावर ठीक’ एवढी नोंद नेली, तर जाणता मेकॅनिक पहिला हात ब्रेक ऑइललाच घालेल. ‘सिग्नलला हळूहळू खाली जाते, जोरात दाबले की ठीक’ हे ऐकले, तर तो मास्टर सिलिंडरकडे वळेल. शक्य असेल तर चक्कर मारताना स्वतः शेजारी बसा आणि ज्या परिस्थितीत दोष दिसला, तिच्याजवळ जाणारी परिस्थिती सुचवा. मात्र दोष उकरून काढण्यासाठी गाडी मुद्दाम घाटात नेऊ नका.

अंदाजाने पार्ट बदलण्यात तोटा काय?

आपल्याकडे जुन्या गाडीचे निदान बऱ्याचदा वजाबाकीने होते. आधी पॅड, मग डिस्क, मग मास्टर सिलिंडर. एखादा पार्ट बदलल्यावर दोष काही दिवस दिसला नाही की तोच गुन्हेगार ठरतो. पैसे जातात हा एक तोटा. त्याहून मोठा तोटा असा, की ‘ब्रेकचे सगळे काम केले आहे’ या भरवशावर माणूस निर्धास्त होतो आणि खरा दोष आत तसाच राहतो.

सगळा दोष मेकॅनिकच्या माथी मारणेही बरोबर नाही. तासभर तपासून ‘काही सापडले नाही’ म्हणणाऱ्याला आपण त्या तासाचे पैसे द्यायला तयार नसतो, पार्ट बदलणाऱ्याला मात्र बिल चुकते करतो. मग तो पार्टच बदलणार. निदानाची मजुरी वेगळी मोजायची सवय गाडीमालकांनी लावून घेतली पाहिजे. आणि गॅरेजने जॉब कार्डवर तक्रार ग्राहकाच्या शब्दांत लिहून, कोणत्या परिस्थितीत तपासले आणि काय आढळले, हे नोंदवून दिले पाहिजे. ‘ब्रेक चेक, ओके’ या तीन शब्दांना काही अर्थ नाही.

पीयूसी वेळच्या वेळी, मग ब्रेक का नाही?

खासगी कारची नोंदणी 15 वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. म्हणजे पहिली 15 वर्षे ब्रेकची सक्तीची तपासणी नाही. याच काळात धुराची तपासणी मात्र ठरावीक मुदतीने करावी लागते, बीएस-4 आणि त्यापुढच्या गाड्यांना वर्षाला, त्याआधीच्यांना सहा महिन्यांनी. धूर मोजलाच पाहिजे. पण दहा वर्षांची, दोन-तीन हात बदललेली गाडी थांबते का, हे कोणीही विचारत नाही, हे पटण्यासारखे नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांनंतर कारची दरवर्षी तपासणी होते आणि तीत ब्रेक असतात. जर्मनी आणि जपानमध्ये पहिल्या तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी ती करावी लागते.

यावरचा आक्षेप सगळ्यांना ठाऊक आहे. आणखी एक प्रमाणपत्र, आणखी एक एजंट, आणखी एक रांग. आक्षेप खोटा नाही. पण चाके रोलरवर फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर लावतो, हे मोजणारी यंत्रे आहेत आणि वाहनांच्या स्वयंचलित तपासणी केंद्रांत ती वापरली जातात. आठ वर्षांपुढच्या खासगी गाड्यांना दोन वर्षांतून एकदा ही मोजणी आणि ब्रेक ऑइलची चाचणी सक्तीची करावी, आणि शिक्का न मारता चाकागणिक आकड्यांची छापील चिठ्ठी मालकाच्या हातात द्यावी. तापल्यावरच उघडा पडणारा दोष यात सापडणार नाही. पण जाम कॅलिपर, निकामी ड्रम आणि पाणी प्यायलेले ऑइल सापडेल. जुनी गाडी विकत घेणाऱ्या कुटुंबाला विक्रेत्याच्या शब्दापेक्षा भक्कम काही तरी मिळेल.

तोवर जबाबदारी आपलीच. मोटार वाहन कायद्याचे कलम 190 धोकादायक दोष असलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवणे गुन्हा ठरवते. दोष चालकाला माहीत असला पाहिजे असेही नाही, साधी काळजी घेतली असती तर कळला असता, एवढे पुरेसे आहे. ‘मधूनच होते’ हे वाक्य तुम्ही एकदा उच्चारलेत, म्हणजे दोष तुम्हाला कळलेला आहे.

पेडल खाली गेलेच तर?

पेडल भराभर वरखाली मारा, थोडा तरी दाब तयार होऊ शकतो. एक-एक गिअर खाली आणा. हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा, एकदम खेचलात तर मागची चाके जाम होऊन गाडी फिरेल. इंजिन बंद करू नका, बूस्टर आणि स्टिअरिंगची मदत जाईल. हॅझर्ड दिवे लावा आणि डोंगराच्या बाजूला किंवा चढाकडे वळा. एकदा जरी पेडल तळाला टेकले, लाल दिवा लागून राहिला किंवा चाकाजवळ ऑइलचा ओघळ दिसला, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.

गणपतीला कोकणात निघालेली जुनी गाडी आठवून बघा. पाच माणसे, कॅरिअरवर सामान, पाऊस, लांबच्या लांब रांगेत सारखा ब्रेक आणि मग घाटाचा उतार. वर सांगितलेल्या बहुतेक अटी त्या एकाच दिवसात एकत्र येतात. शहरात वर्षभर झोपलेला दोष तिथे जागा होतो. निघण्याच्या आदल्या दिवशी टायरमध्ये हवा भरतो, काच धुतो, नारळ फोडतो. त्याच्या दोन आठवडे आधी ब्रेक ऑइलची तारीख बघून, फोनमधल्या नोंदी घेऊन गॅरेजला जाऊन आलात, तर दुरुस्तीला वेळही मिळेल आणि घाटात उजव्या पायावर भरवसा ठेवता येईल.